बोक्याचा बंदोबस्त : सात घरांचा सोपा मार्ग

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ज्यांच्या दारात नुकताच बोका यायला लागलाय, त्यांच्यासाठी ही छोटी मार्गदर्शिका. ज्यांच्याकडं तो चार-पाच वर्षं येतोय त्यांनी वाचू नये. ते आता त्याला नावानं हाक मारतात.

मांजर पिलांना सात घरं दाखवते म्हणतात. बोक्याचा बंदोबस्त करणाऱ्यालाही सात घरं फिरावी लागतात. मधलं एखादं गाळलं तर चालतं, फक्त परत यावं लागतं.

साहित्य : पाळलेली मांजर एक (शक्यतो मनी नावाची, शेपटीच्या टोकाला जन्मापासून गाठ असलेली), गावरान कोंबड्या चार, पोरांच्या हट्टापायी आणलेले ससे दोन, बॅटरी एक, काठी एक, आणि ती काठी घेऊन अंधारात बाहेर जायला तयार नसलेला कर्ता पुरुष एक.

घर पहिलं : आरोपी ओळखा

सकाळी खुराड्यात तीनच कोंबड्या दिसल्या की शेजारचे आण्णा कुंपणापलीकडून निकाल देतात, "बोकाच. दुसरं कोण येतंय?" हा निकाल मान्य करण्याआधी पंचनामा करा. दिवसाढवळ्या अंडी आणि पिल्लं नाहीशी होत असतील तर मुंगसावर नजर ठेवा. अंगणभर पिसं उधळलेली आणि दोन-तीन कोंबड्या मारून तिथंच टाकलेल्या असतील तर ते काम बहुधा कुत्र्यांचं.

उसाच्या कडेला घर असेल तर आणखी एक संशयित आहे : रानमांजर, म्हणजे बाऊल. पाय लांब, शेपूट आखूड, तिच्या टोकाकडं काळी कडी, कानांच्या टोकांना काळ्या केसांचे बारीक झुपके, अंग मातकट आणि बिनठिपक्यांचं. हा बोका नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. शिवाय उसातले उंदीर तो फुकट मारतो. वर्षाला एखादी कोंबडी ही त्याची मजुरी समजा. टोळीच्या मुकादमापेक्षा उचल कमीच आहे.

तोडणी सुरू झाली की शेवटच्या सऱ्यांत पिलं सापडतात आणि पाच मिनिटांत 'बिबट्याचे बछडे' म्हणून त्यांचा फोटो तालुकाभर फिरतो. आता उसात बिबट्याही असतो, त्यामुळं आई कोण हे स्वतः थांबून तपासू नये. नियम दोन्हीकडं एकच : पिलांना हात लावायचा नाही, माणसं बाजूला घ्यायची, वनखात्याला कळवायचं. निवांत झालं की आई बहुधा रात्रीतून येऊन पिलं उचलून नेते.

घर दुसरं : शत्रूचा अभ्यास

खरा बोका ओळखायला बॅटरी लागत नाही. गाल फुगलेले, एक कान फाटलेला, चाल सोसायटीच्या चेअरमनची. तो आधी दिसत नाही, ऐकू येतो. बारामती हे कवी मोरोपंतांचं गाव. मोराच्या आर्त हाकेला केका म्हणतात, म्हणून त्यांच्या काव्याचं नाव 'केकावली'. त्याच गावात हल्ली रात्री दोन वाजता पत्र्यावर जे चालतं ती बोकावली. तिला वृत्त नाही, यती नाही आणि शेवटही नाही.

हे गाणं हद्दीचं आणि मादीचं असतं. नसबंदी न झालेला बोका भिंतीवर, दारावर, तुमच्या नव्या मोटारसायकलच्या चाकावर मुताची फवारणी करून सातबारा लिहितो. त्या उताऱ्यावर आपलं नाव इतर हक्कात असतं. दुसऱ्याची पिलं तो कधीकधी मारतो, कारण पिलं गेली की मांजरी लवकर माजावर येते. मनीला त्याचा चावा बसला तर वरून जखम बारीक दिसते आणि आत पू धरतो. काही रोगही चाव्यातूनच पसरतात. म्हणून मनीला वेळच्या वेळी लसी द्या, रेबीजची तर नक्कीच.

सोडवायला गेलेल्या माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर हळद दाबून बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. "मांजरच तर होतं" हे वाक्य डॉक्टरांसमोर बोलू नये.

घर तिसरं : घरगुती उपाय

हे उपाय बोक्यासाठी नसतात, सल्ला देणाऱ्यांच्या समाधानासाठी असतात. तरी करून घ्यावेत, नाहीतर पुढं जन्मभर "मी सांगितलं होतं" ऐकावं लागतं.

निळीच्या पाण्याच्या बाटल्या कुंपणावर टांगा. बोका पहिल्या दिवशी त्यांच्याकडं बघतो, दुसऱ्या दिवशी त्यांना अंग घासतो, तिसऱ्या दिवशी त्यांच्या सावलीत झोपतो. चप्पल फेका, नेम चुकतो आणि चप्पल आण्णांच्या पत्र्यावर राहते. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. त्या मांजराला विषारी असतात, आणि बोक्याच्या आधी घरातली मनी तिथं नाक घालते. पाण्याचा फवारा त्यातल्या त्यात बरा. त्याचा असर दोन दिवस टिकतो, म्हणजे लोडशेडिंगच्या वेळापत्रकाहून जास्त.

घर चौथं : या घराची कडी वाजवू नये

कोणीतरी हळू आवाजात सांगणारच, "चिमूटभर थिमेट टाका की मटणात." या माणसाला चहा द्या, पण ऐकू नका. विषाला हद्द कळत नाही. ते मनी खाते, शेजारचं कुत्रं खातं, मेलेलं जनावर उकरणारे कावळे खातात, आणि अंगणात रांगणारं पोर असेल तर पुढचं बोलायलाच नको. जनावराला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. कायद्याला भीत नसाल तर आजीला विचारा. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. सोन्याचा आजचा भाव बघा आणि मगच पुडी सोडा.

घर पाचवं : पोतं

आपल्या भागातला हा सर्वांत लोकप्रिय उपाय. मांजर पोत्यात घालायचं, तोंड सुतळीनं बांधायचं, मोटारसायकलवर पुढ्यात ठेवायचं आणि लांब सोडून यायचं. लांब म्हणजे पुढच्या तालुक्यात.

बारामतीचा माणूस ते निमगाव केतकीच्या बाजूला सोडतो. इंदापूरचा माणूस कामाला येता येता बारामतीच्या एमआयडीसीत सोडतो. परतीच्या वाटेवर दोघांची भवानीनगरला चहाच्या टपरीवर गाठ पडते. दोघांच्याही पुढ्यात रिकामं पोतं. दोघंही ऊसदरावर बोलतात.

इंग्रजांच्या काळापासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचं पाणी टेलला पोचत नाही, ही इंदापूरकरांची जुनी तक्रार आहे. मांजरांबद्दल तशी तक्रार नाही. मांजर टेलपर्यंत पोचतं, आवर्तन बारमाही असतं आणि ते उलट्या दिशेनंही येतं.

काही सज्जन माणसं गावात नको म्हणून माळावर सोडतात. तेही नको. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि कडबनवाडीच्या माळावर चिंकारे आहेत, हे पाव्हण्यांना आपण अभिमानानं सांगतो. त्याच गवतात चंडोल आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात. तिथं उपाशी मांजर सोडणं म्हणजे सोसायटीच्या गोदामात घूस सोडणं.

आणि इकडं? कारखान्याच्या संचालक मंडळातली जागा आणि बोक्याची हद्द एक आठवडाही रिकामी राहत नाही. खरकटं आहे, उंदीर आहेत, मनी आहे, दुसरा येतो. पहिल्याला निदान तुमच्या चपलेचा नेम माहीत होता.

घर सहावं : किल्ला, पिंजरा आणि दवाखाना

इथून पुढं विनोद थोडा कमी होतो, कारण हे उपाय चालतात.

कोंबड्या दिवस मावळायच्या आत आत घ्या. षटकोनी पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, बोका बाहेर ठेवत नाही. त्याचा पंजा सहज आत जातो. जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डिंगची जाळी घ्या, वरूनही लावा आणि खाली वीतभर जमिनीत गाडा. सशांचा पिंजरा आडोशाला ठेवा. ससा नुसत्या भीतीनंही मरतो. मनीला रात्री घरात घ्या आणि तिचं उरलेलं दूध-भात ओट्यावर ठेवू नका. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं, आणि आपण तर शिंकंच खाली मांडतो.

मग पिंजरा लावा. आमिष म्हणून उजनीच्या फुगवट्यातली, भिगवणच्या बाजारातली चिलापी वापरा. तिच्या वासाला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. आण्णाही डोकावून जातात. बोका अडकला की पिंजऱ्यावर गोणपाट टाका, अंधारात तो शांत होतो. हात आत घालू नका, तो कितीही गरीब दिसला तरी.

आता जनावरांचा दवाखाना. ज्या खात्याची सारी हयात गाय गाभण राहावी म्हणून गेली, तिथं मांजर गाभण राहू नये म्हणून जायचंय, हे ध्यानात ठेवून नम्रतेनं बोला. तिथं सोय नसेल तर खाजगी डॉक्टर गाठा. बोक्याची शस्त्रक्रिया थोड्या वेळाची असते. रक्तातला जोर उतरायला काही आठवडे लागतात. मग फवारणी, भटकणं आणि बोकावली बरीच कमी होते. भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे पुन्हा कोणी पकडून न्यायला नको. त्याच फेरीत मनीचीही नसबंदी उरका. मांजरीला साधारण नऊ आठवड्यांत पिलं होतात आणि वर्षातून दोन-तीन वेतं होतात. गणित करा, दुधाच्या हिशेबापेक्षा सोपं आहे.

घर सातवं

भूल चढलेला बोका टेबलावर आडवा असतो. आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही त्याला उजेडात, जवळून आणि काठीशिवाय बघता. कान फाटलेला, पाठीवर जुने वण, वजन वाटलं होतं त्याच्या निम्मं. डॉक्टर सहज शेपटीवरून हात फिरवतात आणि टोकाशी थांबतात.

"ह्याला इथं गाठ आहे हो. जन्माचीच दिसतीय."

यावर काही बोलू नये. मनीचं तीन वर्षांपूर्वीचं वेत आठवावं. चार पिलं होती. दोन आण्णांच्या पाव्हण्यांनी नेली. उरलेली दोन कुठं गेली हे तुम्हाला, मोटारसायकलला आणि भवानीनगरच्या चहावाल्याला माहीत आहे.

शुद्धीवर आला की त्याला त्याच अंगणात सोडा, जिथं पकडला होता. तो आता राखण करील. नवा बोका सहसा भरल्या हद्दीत घुसत नाही. भाकरी-दूध ठरल्या वेळी द्या आणि वाटी उचलून ठेवा. मनी पहिले चार दिवस फिसकारेल. ओळख पटली का, ते दोघं सांगत नाहीत.

घरी आल्यावर कोपऱ्यातलं पोतं बाहेर काढा, दोनदा धुवा आणि वाळत घाला. ज्वारी भरायला होतं.