ढगाची भूमिका

परवा टीव्हीवर एका जुन्या सिनेमात खलनायकाच्या हातात ढग होता. ग्लासाएवढा, राखाडी, कडेने थरथरणारा. त्याने तो ओठांना लावला, तोंड वाकडं केलं, वर चार शेंगदाणे टाकले (शेंगदाणे स्पष्ट दिसले, खारे होते) आणि पुढचे संवाद झोकांड्या खात म्हटले. आपण काय समजायचं? कोकम सरबत चढलं?

ढगाची मेहनत मात्र मानली पाहिजे. ग्लास उचलला की तोही उठतो. खलनायक झटकन वळला की बिचारा मागे पडतो, तेवढ्यात ग्लास दिसायचा तो दिसतोच. मग धावत येऊन पुन्हा वर बसतो, पाहुणे दारात आल्यावर पसाऱ्यावर ओढलेल्या चादरीसारखा. बर्फाचा किणकिणाट ऐकू येतो, कारण कानांना ढग लावायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. घरात सगळ्यांचं लक्ष नायिकेवरून उडून ढगावर.

चॅनल बदललं. मालिकेत धाकटी जाऊ थोरलीच्या दुधात विष कालवत होती. बाटली लख्ख, वर कवटी, तीन कोनांतून, विजांच्या कडकडाटासह. थेंब मोजून घ्यावेत. शेवटी दूध पौष्टिकच, हरकत कोण घेणार!

सिनेमांच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे तर २०२३च्या कायदादुरुस्तीने तीन तुकडे झाले: ७+, १३+, १६+. हा पालकांना सल्ला. पालक पॉपकॉर्नच्या रांगेत.

इथवर हसलो असतो, पण जाहिराती लागल्या. केबलच्या १९९४च्या नियमांत दारू-तंबाखूची जाहिरात बंद आहे. म्हणून त्याच नावाचा, त्याच अक्षरांतला, त्याच रंगाचा सोडा आला. मग त्याच नावाची म्युझिक सीडी. सीडी! अहो, ती लावायचं यंत्र उरलंय कुणाच्या घरात? मग वेलची खाऊन एक गृहस्थ हेलिकॉप्टरमधून उतरले. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, वेलचीवर थोडीच आहे! यातल्या कशावरही ढग नाही, खाली इशाऱ्याची पट्टी नाही, कोपऱ्यात वयाचा आकडा नाही. शेजारच्या बालवाडीतल्या पोराला नाव, रंग, धून सगळं पाठ. कथेसाठी ग्लास धरणारा नट पुसट आणि पैसे मोजणारा कारखानदार पडदाभर. यालाच संस्कार म्हणतात आणि वर आमच्याच गळी उतरवतात!

सकाळी वाण्याकडे तोच सोडा मागितला. तो हसला. “काका, हा इथे नाही मिळायचा. समोर वाईन शॉपमध्ये विचारा.”

समोर विचारलं. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, “क्वार्टर की खंबा?”