कावसजीचं नाक आणि आमचा ताठा

वसाहतकाळातल्या वैद्यकाचं संग्रहालय पाहायला निघालेला मराठी माणूस आत शिरतानाच दोन वाक्यं तयार ठेवून असतो. हाडं कापायच्या करवती, डागण्या आणि जळवांच्या बरण्या दिसल्या की ‘काय राक्षस होते हो!’ आणि पुढे नाक-कान जोडण्याचं कपाट आलं की ‘हे तर आपल्याकडे केव्हाचंच होतं!’ पहिल्या वाक्याने तो एका झटक्यात जुन्या काळापेक्षा मोठा होतो, दुसऱ्याने इंग्रजापेक्षा. एका तिकिटात दोन बढत्या मिळत असतील तर कोण सोडेल? मी तरी सोडणाऱ्यातला नाही. माझं म्हणणं एवढंच की ही दोन्ही वाक्यं बोलण्यासाठी संग्रहालयात जायची गरज नाही, ती घरबसल्याही बोलता येतात. आणि तिथे जाऊनही तीच बोलायची असतील, तर समोरच्या कपाटात काय आहे हे आपल्याला दिसण्याची शक्यता फार कमी.

राक्षसांचं आधी निकालात काढू. लंडन ब्रिजजवळ सेंट टॉमस चर्चच्या माळ्यावर १८२२ सालचं एक शस्त्रक्रियागृह जपून ठेवलेलं आहे. मधोमध लाकडी टेबल, खाली रक्त झेलायला भुशाची पेटी, भोवती विद्यार्थ्यांनी उभं राहून बघायच्या चढत्या पायऱ्या. टेबलावर यायच्या त्या गरीब बायका. श्रीमंतांना घरच्या घरी कापून घेण्याची सोय होती. १८४६ च्या डिसेंबरात इथरची भूल लंडनला पोचेपर्यंत सर्जनजवळ दया दाखवायचा एकच मार्ग होता : घाई. जो लवकर कापेल तो कनवाळू. त्याला राक्षस म्हणणार कोण, तर भुलीचं इंजेक्शन दुखू नये म्हणून आधी बधिर करणारा स्प्रे मागणारी आमची पिढी! आमचा शूरपणा भुलीच्या नंतरचा आहे, एवढं मान्य केलं की पहिलं वाक्य घशातच राहतं.

दुसरं वाक्य मात्र इतक्या सहज राहत नाही, कारण ते नाकाशी निगडित आहे, आणि नाकाच्या बाबतीत मला आवरतं घेता येत नाही. गोष्ट आपल्या घरची आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. तो पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला, आणि मग पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या एका कुंभाराने त्याला नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत छापून आली, कृतीसकट. ती कृती वाचताना स्वयंपाकघर आठवतं. आधी मेणाचा पातळ पत्रा उरल्यासुरल्या नाकावर बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन भुवयांमधला एक देठ तसाच ठेवायचा, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती कातडी पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक चिकटवायच्या. हो, पानातला कात! चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला वरचा देठ कापून टाकायचा, की नाक स्वतंत्र. त्या काळच्या युरोपाकडे दाखवायला होता तो इटलीतल्या टालियाकोत्सीचा १५९७ च्या ग्रंथातला उपाय : दंडाची कातडी घ्यायची आणि ती जीव धरेपर्यंत रोग्याचा हात त्याच्याच तोंडाला बांधून ठेवायचा. तोही एव्हाना बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता. ‘जंटलमन्स मॅगझिन’मधला तो लेख वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी प्रेतांवर हात बसवला आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला कपाळाचं नाक लावलं. बिचाऱ्याचं मूळचं नाक पाऱ्याच्या औषधांनी झडलं होतं, म्हणजे डॉक्टरांनी घालवलेलं नाक डॉक्टरांनीच परत केलं. १८१६ मध्ये कार्प्यूचं पुस्तक आलं आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपभर पोचली.

आता सांगा, ताठा का येऊ नये? इंग्रज आमच्याकडून शिकला, त्यानेच छापून ठेवलंय. आक्षेप रास्त आहे. पण ताठ्याचा पत्ता तपासायला हवा. कपाटापुढे उभं राहून आम्ही नाव घेतो सुश्रुताचं. त्याच्या संहितेत नाक जोडण्याचा विधी आहे, यात शंका नाही. पण तिथे माप घ्यायला झाडाचं पान आहे आणि कातडी गालाची आहे. पुण्यात मेण आहे आणि कपाळ आहे. म्हणजे मधल्या शतकांत कुणीतरी, कुठल्यातरी अंगणात, गालापेक्षा कपाळ बरं हा निर्णय घेतला. आणि तो घेणारा कुणी संस्कृत शास्त्री नव्हता, हे विटांच्या भट्टीवरून उघड आहे. संहितेचं एक पानही न उलटलेला माझ्यासारखा माणूस सुश्रुताच्या नावाने छाती फुगवतो, आणि ज्याने नाक केलं त्या कुंभाराच्या डोक्यावरून तो अभिमान अलगद पलीकडे जातो. त्याच पुण्यात श्रावणात रमण्याच्या मैदानावर पेशव्यांकडून विद्वानांना दक्षिणा वाटली जात होती. तिथे पाठांतराला मान होता. रक्ताला हात लावणाऱ्या हातांना दक्षिणा मिळण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती, आणि ‘आपल्याकडे होतं’ यातल्या ‘आपल्याकडे’ची हद्द नेमकी कुठे संपत होती ते यावरून कळतं. मला खरोखर राग येतो तो इथे. उरलेला ताठा मी विनोदावर नेऊ शकतो.

यावर कुणी म्हणेल, कुंभाराचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही, त्याला संग्रहालयाने काय करावं? करवत जपता येते, कौशल्य बरणीत घालता येत नाही. खरं आहे. पण नावं कुणाची लिहिली गेली ते तर बघा. ही शस्त्रक्रिया नुसती पाहिली म्हणून मुंबई इलाख्याच्या क्रुसो आणि फिंडले या दोघा डॉक्टरांची नावं छापली गेली. कावसजीचं नाव राहिलं, कारण तो ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर होता, आणि पेन्शनला नाव लागतं. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस रंगवले त्याच वेल्सने. एकाच कुंचल्याखाली पेशवाईचा कारभारी आणि बैल हाकणारा शेतकरी यावेत हा योग फक्त नाकामुळे आला. त्या चित्राची छापील प्रत आज लंडनच्या वेलकम संग्रहात आहे. बघणारे नाक बघतात, मीही नाकच बघेन. पण त्याचा हात गेला तो गेलाच. त्यावर कुणाकडे कात नव्हता, तूप नव्हतं, मेण नव्हतं. सुश्रुताकडे नव्हतं, कार्प्यूकडेही नव्हतं. एका हाताने कासरा कसा धरायचा, जेवताना माशी कशी वारायची, हा प्रश्न कुठल्याच वैद्यकाच्या कपाटात नाही, कारण त्यात कुणाला पहिलं यायचं नव्हतं.

मग उपाय म्हणून पुण्यातच एक स्मारक उभारू, असंही कुणी सुचवेल. कल्पना चांगली आहे. ‘पुण्याजवळ’ म्हणजे कुठल्या महापालिकेची हद्द यावर काही वर्षं जातील. तो कुंभार की वीटभट्टीवाला, यावर दोन समित्या होतील आणि दोन्हींचे अहवाल येतील. शेवटी सभागृह ठरेल, व्यासपीठावर सुश्रुताची भव्य तसबीर असेल, समई असेल, अध्यक्ष एखादे नामवंत प्लॅस्टिक सर्जन असतील आणि ते ‘जगाला नाक आपण दिलं’ असं म्हणून टाळ्या घेतील. कुंभाराची तसबीर मिळत नाही म्हणून त्या जागी कावसजीची लावतील, आणि निम्मे श्रोते नाक करणारा तोच असं समजून त्याला हार घालतील.