ड्रायव्हर सरळ मारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

"यांचा ड्रायव्हर सारखा उजवीकडेच जातो हो," असं आमच्या सौ.नी एकदा फोनवर साताऱ्याच्या वन्संना सांगितलं. पलीकडून ताबडतोब विचारणा झाली, "अगं वहिनी, पितो का तो? काढून टाका आधी. आमच्याकडे एक निर्व्यसनी माणूस आहे, पाठवते." गैरसमज निस्तरायला वीस मिनिटं लागली. पण गेल्या सहा वर्षांत ड्रायव्हरविषयी मला जे असंख्य सल्ले मिळाले, त्यांत हाच एक बिनचूक होता, हे आता कळतं.

ड्रायव्हर म्हणजे गोल्फच्या पिशवीतली सगळ्यांत लांब, सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत कमी ऐकणारी काठी. पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या ठेवता येतात. उरलेल्या तेरा सभ्य असतात. हा लेख चौदावीबद्दल आहे, आणि तो उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी आरशासमोर धरून वाचावा.

माझा अधिकार विचाराल, तर माझा हँडिकॅप 27 आहे; हा आकडा जेवढा मोठा, तेवढा खेळाडू कच्चा. सेवानिवृत्तीनंतर पुण्यातल्याच एका कोर्सवर मी खेळायला लागलो. तिथे उजव्या हाताच्या कुंपणापलीकडे एक गृहनिर्माण संस्था आहे. तिथल्या मुलांना मी नावाने ओळखत नसलो तरी ती मला माझ्या बॉलच्या ब्रँडने ओळखतात. एवढा अधिकार या विषयावर लिहायला पुरेसा असावा.

पायरी पहिली : शस्त्राची ओळख. ड्रायव्हरचं डोकं टायटॅनियमचं, आतून पोकळ, आणि नियमाने 460 घन सेंटीमीटरपर्यंत मोठं असू शकतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा जरासंच लहान. ते साधारण पंचेचाळीस इंची दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं. समोर बॉल, व्यास 42.67 मिलिमीटर, वजन फार तर 45.93 ग्रॅम. म्हणजे मध्यम आकाराचं लिंबू. दुधाची पिशवी लांब काठीला बांधून, गरागरा फिरवून, लिंबाला मारायची आणि लिंबू दोनशे यार्डांवरच्या हिरवळीच्या पट्ट्यात टाकायचं, एवढाच हा खेळ. पिशवी आणि लिंबू यांची गाठ पडते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. लक्ष्मी रोडला सिग्नल हिरवा झाल्यापासून मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत जो वेळ जातो, त्याहूनही हा कमी. जे काही बिघडायचं ते तेवढ्यात बिघडतं. त्याआधीचा सगळा वेळ माणूस फक्त बिघडवण्याची तयारी करत असतो.

पायरी दुसरी : उभं राहणं. बॉल डाव्या टाचेच्या रेषेत, टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, एवढी उंच की अर्धा बॉल ड्रायव्हरच्या डोक्यावर दिसावा, उजवा खांदा थोडा खाली. यातलं सगळं खरं आहे आणि सगळं पाळता येतं. म्हणूनच त्याचा काही उपयोग होत नाही, कारण उभं राहून कुणाचाच बॉल आजवर उजवीकडे गेलेला नाही.

यानंतर सल्ले सुरू होतात. आमच्या चौकडीतले कर्नलसाहेब म्हणतात, ग्रिप अशी धरा की हातात जिवंत पाखरू आहे. दातांचे डॉक्टर म्हणतात, डावा हात ताठ. हे दोन्ही एकत्र करून पाहिल्यावर मला कळलं की ताठ हाताने पाखरू धरणारा माणूस गोल्फर कमी आणि पोपटवाला ज्योतिषी जास्त दिसतो. "डोकं खाली ठेवा" हा सल्ला तर कॅंटीनचा पोऱ्यासुद्धा देतो. डोकं खाली ठेवण्याचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे : बॉल कुठे गेला ते आपल्याला दिसत नाही. गोल्फमध्ये 27 हँडिकॅपवाला 28वाल्याला शिकवतो, 28वाला 29वाल्याला, आणि या उतरंडीत सगळ्यांत खाली असलेला माणूस घरी जाऊन बायकोला शिकवतो.

पायरी तिसरी : स्लाइस समजून घेणं. इथे जरा बसून वाचा.

बॉल सुरुवातीला कुठे निघतो आणि पुढे कुठे वळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी पुस्तकं सांगत की क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने बॉल निघतो. पुढे बॉलचा माग काढणारी रडार आली आणि हिशेब उलटा निघाला. बॉल निघतो तो मुख्यतः क्लबच्या तोंडाच्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाबतीत रुपयातले ऐंशी-पंच्याऐंशी पैसे तोंडाचे, बाकीचे वाटेचे. तोंड एका बाजूला आणि वाट दुसऱ्या बाजूला असली, की बॉलला तिरकी फिरकी मिळते आणि तो हवेत वळतो. तोंड वाटेपेक्षा उजवीकडे पाहत असेल तर बॉल उजवीकडे वळतो. याचं नाव स्लाइस.

निघण्याची दिशा एका अंशाने चुकली तर दोनशे यार्डांवर बॉल साडेतीन यार्ड बाजूला जातो. पाच अंशांनी चुकली तर साडेसतरा यार्ड, आणि हे वळण सुरू होण्याआधीचं. वळण वेगळं. पाच अंश म्हणजे किती? भिंतीवर लावलेली तसबीर तेवढी तिरकी झाली तर आमच्या घरी चार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

आता खरी मेख. बॉल उजवीकडे जातो म्हटल्यावर माणूस काय करतो? पुढच्या वेळी अंग डावीकडे ओढून मारतो. म्हणजे क्लबची वाट आणखी डावीकडे गेली. तोंड होतं तिथेच, उजवीकडे. दोघांमधलं अंतर वाढलं आणि वळण आणखी मोठं झालं. मग माणूस आणखी डावीकडे ओढतो. चूक सुधारण्याचा प्रत्येक प्रयत्न चूक वाढवतो, असे घरगुती वाद सोडले तर दुसरीकडे फारसं पाहायला मिळत नाही. मी पहिली दोन वर्षं असाच सुधारत होतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझा स्लाइस इतका सुधारला होता की बॉल आधी डावीकडच्या तळ्यावरून फेरी मारून मग उजवीकडच्या कुंपणाबाहेर जायचा.

"सात नंबरचा आयर्न सरळ जातो, मग ड्रायव्हरच का वाकडा?" हा प्रश्न प्रत्येकजण कधी ना कधी रडवेल्या आवाजात विचारतो. उत्तर असं की, आयर्नचं तोंड आकाशाकडे कललेलं असतं. त्याने बॉलला मागची फिरकी भरपूर मिळते आणि बाजूची थोडीशी तिरकी फिरकी तीत दबून जाते. ड्रायव्हरचं तोंड जवळजवळ उभं, दहा-बारा अंशांचं. तिथे मागची फिरकी कमी, म्हणून तेवढीच चूक जास्त दिसते. शिवाय दांडा लांब. थोडक्यात, आयर्न आपल्या चुका पोटात घालतो आणि ड्रायव्हर त्या चव्हाट्यावर मांडतो.

मराठी माणसाला यात आणखी एक जन्मजात अडचण आहे : क्रिकेट. लहानपणापासून मनगटं ज्या बाजूला मोकळी व्हायची सवय झाली, ती ऑफची. गोल्फच्या टीवर माझा बॉल जिथे जातो, ती जागा क्रिकेटच्या हिशेबाने कव्हर आणि एक्स्ट्रा कव्हरच्या मधली आहे. क्षेत्ररक्षकाला हलायलाही वेळ मिळणार नाही असा फटका. शिवाजी पार्कात टाळ्या पडल्या असत्या. इथे मात्र दंड पडतो.

पायरी चौथी : पावडर. ही खरोखर उपयोगी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ड्रायव्हरच्या तोंडावर टाल्कम पावडर फासा आणि मारा. बॉल कुठे लागला त्याचा गोल डाग उमटतो. टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागला असेल तर डोकं फिरतं आणि त्याने बॉलला उजवीकडे वळण्याची फिरकी मिळते. टोकाला लागला तर डावीकडची. मी दहा बॉल मारले आणि नऊ डाग टाचेकडे निघाले. दहावा निघालाच नाही, कारण बॉल लागला नव्हता. पहाटे साडेपाचला पावडरचा डबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्या निवृत्त माणसाकडे सोसायटीचा वॉचमन कसा बघतो, ते मी इथे लिहीत नाही.

पायरी पाचवी : नवीन ड्रायव्हर घेणं. खरं तर सगळे इथूनच सुरुवात करतात. आमचे जावई न्यू जर्सीला असतात. त्यांनी येताना तिथला ताजा ड्रायव्हर आणला. त्यात एक स्क्रू फिरवला की बॉल उजवीकडे जाण्याची खोड कमी होते म्हणे. फिरवला. पहिलाच बॉल पूर्वीपेक्षा वीस यार्ड लांब गेला. दिशा तीच. पूर्वी जो संस्थेच्या पार्किंगमध्ये पडायचा, तो आता थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पडतो. जावयांना मी "फारच फरक पडला" असं कळवलं आहे.

बॉल कुणाच्या दिशेने निघाला तर "फोर!" असं ओरडायचं असतं. मी एकदा घाईत "अहो, सरका!" असं ओरडलो. तिकडचे चौघेही जागच्या जागी थांबले आणि कोण बोलावतंय म्हणून माझ्याकडे पाहायला लागले. तेव्हा सूचना : ओरडणं इंग्रजीतच ठेवावं.

पायरी सहावी : धीर धरणं. टीव्हीवर खेळणारे व्यावसायिक, ज्यांचं पोट यावर चालतं, तेसुद्धा अमेरिकेच्या पीजीए टूरवर साधारण दहांतले सहाच ड्राइव्ह फेअरवेवर, म्हणजे त्या हिरवळीच्या पट्ट्यात, ठेवतात. 1999 साली कार्नुस्टीला ब्रिटिश ओपनमध्ये फ्रान्सचा झाँ व्हान द वेल्द शेवटच्या होलला आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके लागले असते तरी विजेता. त्याने ड्रायव्हर काढला. बॉल उजवीकडे, शेजारच्या होलच्या दिशेने गेला आणि नशिबाने ओढ्यातून वाचला. पण नशीब किती वाचवणार? थोड्याच वेळात हा माणूस बूट-मोजे काढून, पँट दुमडून, त्याच ओढ्याच्या पाण्यात उभा होता. सात फटके लागले, प्लेऑफ झाला आणि करंडक पॉल लॉरीने नेला. आमच्या कॅडीला मी ही गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, पाच नंबरचा आयर्न नव्हता का त्याच्याकडे?"

कॅडी हे मला रोज विचारतो. "साहेब, फाइव्ह आयर्न घ्या. दीडशे जाईल, पण घरी जाईल." मी त्याला सांगतो की दीडशे यार्ड सरळ मारायला मी एवढा खर्च केलेला नाही. त्यावर तो मान डोलावतो आणि ड्रायव्हरचं कव्हर काढून देतो.

बॉल हमखास सरळ जावा असं वाटत असेल तर एक जागा आहे, पण ती लांब आहे. बॉल हवेत वळतो तो हवेमुळे. हवा नसेल तर कितीही फिरकी द्या, तो वळायचा नाही. फेब्रुवारी 1971 मध्ये अपोलो 14 च्या ॲलन शेपर्डने दगडमाती गोळा करायच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचं डोकं बसवून चंद्रावर दोन बॉल मारले. पोशाख एवढा जाड की एकाच हाताने मारावं लागलं. एक फटका फसल्यावर ह्यूस्टनहून चेष्टा झालीच, की हा तर स्लाइस दिसतोय! चंद्रावर स्लाइस होणं अशक्य आहे. पण गोल्फ खेळणाऱ्याला तो पृथ्वीवर असो वा नसो, असं ऐकून घ्यावंच लागतं.

पायरी सातवी आणि शेवटची : शरणागती. स्लाइस होतोच आहे ना? मग तीस यार्ड डावीकडे नेम धरा, बॉल वळून मधोमध येईल. कागदावर ही युक्ती निर्दोष आहे. अडचण एवढीच की डावीकडे नेम धरला की नेमका त्याच दिवशी बॉल वळत नाही.

गेल्या महिन्यात हेही सोडून दिलं. नेम धरलाच नाही. सकाळची वेळ, चौथा होल, उन्हाची तिरीप डोळ्यांवर. पुढे एकशेऐंशी यार्डांवर चढ आहे, त्यापलीकडचं दिसत नाही. बॉल कुठे पडतो ते बघायला पुढे उभा राहणारा आगेवाला मी ड्रायव्हर काढायच्या आधीच सवयीने उजवीकडच्या निलगिरीखाली जाऊन उभा राहिला होता. कर्नलसाहेब उजवीकडे पाहत होते, डॉक्टर उजवीकडे पाहत होते, कॅडी उजवीकडे पाहत होता. मी डोकं खाली ठेवलं होतं. मारला. आवाज वेगळाच आला, पितळेच्या तांब्यावर चमचा वाजल्यासारखा. मान वर केली तर बॉल कुणालाच दिसला नव्हता.

सावधगिरी म्हणून दुसरा बॉल प्रोव्हिजनल म्हणून जाहीर करून मारला. तो नेहमीच्या जागी गेला आणि निलगिरीखाली लगेच सापडला. पहिल्याचा शोध सुरू झाला. शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, 2019 पासून तीनच मिळतात. झुडपं झाली, कुंपण झालं, संस्थेतल्या मुलांनाही विचारून झालं. त्यांनी प्रामाणिकपणे आज काही आलं नाही असं सांगितलं. मग आगेवाला पाणी प्यायला फेअरवे ओलांडून निघाला आणि चढापलीकडे थबकला. हिरवळीच्या अगदी मधोमध बॉल होता, त्यावर माझ्या पेनाचे दोन हिरवे ठिपके.

कर्नलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं होऊन गेली होती. नियमाने बॉल हरवला.

त्या होलला माझ्या कार्डावर आठ लिहिलेत. कार्ड मी जपून ठेवलंय. कुणाला पाहायचं असेल तर रविवारी सकाळी सातनंतर उजवीकडच्या निलगिरीखाली यावं.