टीप पाहा

इंग्लंडमधल्या जुन्या विद्यापीठांत एक जात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे: ग्रीक शोकांतिकेचा भाष्यकार. अंगानं किरकोळ, कोटाच्या कोपरांना चामड्याची ठिगळं, खिशात टोक काढलेल्या पेन्सिली. शाईच्या वाटेला तो जात नाही, कारण शाईनं लिहिलेलं मत खोडता येत नाही. लग्न झालेलं असो-नसो, त्याचा संसार एकाच नाटकाशी असतो, आणि ते बहुधा एस्किलसचं ‘अगामेम्नॉन’ असतं.

इ. स. पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या लोकांनी हे नाटक, त्याच्या पुढची दोन नाटकं धरून, एका दिवसात पाहिलं. परीक्षकांनी पहिलं बक्षीसही देऊन टाकलं. आमचे गृहस्थ मात्र पहिल्या प्रवेशातच मुक्कामाला असतात. राजवाड्याच्या छतावर पहारेकरी कुत्र्यासारखा पडून आहे, ट्रॉय पडल्याची खूण सांगणाऱ्या जाळाची वाट बघतोय. तो कोपरांवर रेललाय की नुसताच उंचावर आहे, यावर विद्वानांत दुमत आहे. पहारेकऱ्याला जाळ दिसतो आणि तो सुटतो. भाष्यकार अजून त्याच्या कोपरापाशीच असतो.

प्रकाशक म्हणतो, “आजच्या वाचकासाठी सुटसुटीत आवृत्ती द्या. दोनशे पानं पुरेत.” तो आनंदानं हो म्हणतो. आजच्या वाचकाबद्दल त्याला खरंच आस्था आहे. फक्त त्याच्या डोळ्यांसमोरचा आजचा वाचक पुस्तक हातात घेताच विचारतो, “तिसऱ्या ओळीतला हा पाठ कुणाचा?”

त्याची अडचण खोटी नाही. नाटकाचं सर्वांत जुनं हस्तलिखित दहाव्या शतकातलं, फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. डोंगरामागून डोंगर पेटत जाळ अर्गोसपर्यंत कसा पोचला, हे राणी क्लायटेम्नेस्ट्रा रंगून सांगत असते आणि तिच्या ऐन भाषणात पानं गायब होतात. सुमारे १६७० ओळींपैकी तिथे जेमतेम ४०० उरल्यात. बाकीच्यांसाठी चौदाव्या शतकातल्या त्रिक्लिनिअस नावाच्या बायझंटाइन पंडिताचा हात धरावा लागतो, आणि या पंडिताला दुरुस्त्या करायची भारी हौस. भाष्यकार त्याचं नाव भाऊबंदकीतल्या चुलत्यासारखं घेतो: जमीन राखली त्यानंच, आणि बांध सरकवला तोही त्यानंच.

टेबलाशेजारच्या फळीवर त्याचं दैवत आणि त्याचं भूत शेजारी-शेजारी नांदतात. दैवत म्हणजे एडुआर्ड फ्रेंकेल यांचं १९५० चं भाष्य. तीन जाडजूड खंड. मूळ नाटक आणि भाषांतर पहिल्यातच आटोपतं, उरलेले दोन नुसतं विवेचन. भूत म्हणजे कवी ब्राउनिंगचं १८७७ चं भाषांतर. ते इतकं शब्दनिष्ठ आहे, की त्याचा अर्थ लावायला मूळ ग्रीक उघडावं लागतं अशी थट्टा झाली. “म्हणजे वाचक ग्रीककडे वळला ना?” तो विचारतो. ही थट्टा आहे हे त्याच्या गावीही नसतं.

एकदा त्याच्याकडे नाटकवाला येतो. राणीनं राजाला जांभळ्या वस्त्रांवरून चालायला लावायचा प्रवेश बसवायचाय.

“सर, हे वाक्य नटीला एका दमात म्हणता येत नाही.”

“तिनं आधी टीप वाचलीय का?”

“वाचलीय. पण प्रेक्षकांनी नाही वाचलेली. ती रंगमंचावर कशी दाखवू?”

तो गंभीरपणे विचार करतो. “कोरसला देता येईल.”

खरी गंमत नाटकात पुढे आहे. आतून राजाची किंकाळी येते: घाव बसला! बाहेर कोरसमधले म्हातारे. ते काय करतात? बैठक भरवतात. एक म्हणतो गावाला हाक द्या, दुसरा म्हणतो दार फोडा, तिसरा म्हणतो मेलेला माणूस बोलण्यानं उठत नाही. अशी एकूण बारा भाषणं, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन ओळी. शेवटी ठरतं, की नक्की काय झालंय ते आधी कळू द्या. तोवर दार उघडतं आणि दोन प्रेतांपाशी राणी उभी. हा उतारा तो वर्गात वाचतो तेव्हा पोरांना हसू आवरत नाही, कारण तेरावा म्हातारा त्यांच्यासमोरच बसलेला असतो.

पण हसताना त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ज्या ओळींना ते हसतात, त्या ओळी ‘आधी नक्की काय ते कळू द्या’ म्हणणाऱ्या अशाच म्हाताऱ्यांनी शतकानुशतकं एकेक अक्षर घासून त्यांच्यापर्यंत पोचवल्यात. दार फोडणाऱ्यांच्या हाती नाटक असतं, तर आज त्याचं नुसतं कथानक उरलं असतं.

तो स्वतः मात्र हसत नाही. त्याला या जागी निराळीच शंका असते. दोन-दोन ओळींची बारा भाषणं, म्हणजे म्हातारे बारा. पण कोरसमध्ये पंधरा जण होते असं मानणारेही आहेत. मग उरलेले तिघं राजा मरत असताना गप्प का? प्रकाशकाचं आठवणीचं पत्र आलं, की तो पेन्सिलीनं उत्तर लिहितो: “काम संपतच आलंय. फक्त बारा की पंधरा, एवढं ठरायचंय.”