कुलवंत सर्प

ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. अमेरिकेतल्या सापपैदासकारांनी हा विनय सरपटणाऱ्यांनाही लागू केला, याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन व्हायला हवे.

'क्रीमसिकल' कॉर्न स्नेकच पाहा. नाव आइस्क्रीमचे, अंगावर नारिंगी ठिपके आणि रक्तात ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक ही दुसरीच जात. संकर पिढ्यान् पिढ्या पुढे गेला की कोणाचा वाटा किती, हे नुसत्या नजरेने कळत नाही. मग डब्यावर सरळ 'कॉर्न स्नेक' लिहावे. कसे सुटसुटीत! 'रेड-टेल' म्हणून घरोघर गेलेले कितीतरी बोआही प्रत्यक्षात 'बोआ इम्परेटर' असतात. शेपटी तपकिरी, पण नाव लाल; पाळण्यातले नाव बदलू नये.

सर्वांत प्रामाणिक चिठ्ठी मात्र 'पॉसिबल हेट, 66 टक्के' ही. 'हेट' म्हणजे सुप्त जनुकाचा वाहक. ते जनुक पिल्लाच्या अंगात असते किंवा नसते. तिघांपैकी दोघांत ते असावे. कोणत्या दोघांत, ते देव जाणे. जास्तीचे पैसे तिघांचेही लागतात.

ही गणिती सचोटी ग्राहकांनीही उचलावी. पैसे देताना पाकिटावर लिहावे : 'खऱ्या नोटा असण्याची शक्यता 66 टक्के.' तूर्त विक्रेता प्रत्येक नोट उजेडाकडे धरून पाहतो.