जीपमध्ये फुगलेला पाव्हणा

माझी सासुरवाडी जुन्नरची. जावयाला आधी शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर करून दमवायचं आणि उरलेल्या जिवाला धरणं दाखवायची, ही तिकडची रीत. कुकडी प्रकल्पाची धरणं पाच. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे जुन्नर तालुक्यात, डिंभे शेजारच्या आंबेगावात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात चार पाहून झाली, तीही काठावरून. मला पोहता येत नाही. डिंभ्याचं तर नाव काढलं तरी पोटात गोळा येई. आंबेगाव तालुक्याला ज्या गावानं नाव दिलं, ते जुनं आंबेगावच त्या पाण्याखाली गेलंय. जिथं अख्खं गाव तरलं नाही, तिथं जावयाची काय कथा!

यावर तोडगा माझ्या भाच्यानं काढला. तो नॉर्वेत असतो. विमान कंपनीची रीतसर परवानगी काढून त्यानं माझ्यासाठी आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट आणलं. दिसायला उपरण्यासारखे दोन पट्टे. आत घडी घातलेली पिशवी, 33 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड भरलेली लोखंडी बाटली आणि एक गोळी. ही गोळी माणसानं घ्यायची नसून जॅकेटनं घ्यायची असते. पाण्यात पडलं की गोळी विरघळते, दबलेली स्प्रिंग सुटते, सुई बाटलीला भोक पाडते आणि जॅकेट फुगतं. ताकद 150 न्यूटन, म्हणजे साधारण 15 किलोचा भार पाण्यात उचलून धरणारी.

"मामा, वर्षातून एकदा तरी तपासा," असं बजावून त्यानं एक पुस्तिका, एक जादा बाटली आणि जादा गोळ्याही दिल्या. मी ते सगळं डांबराच्या गोळ्यांसह कपाटात ठेवलं. तीन पावसाळे गेले. एवढी किमती वस्तू सारखी कशाला हाताळायची?

या श्रावणात धीर करून जुन्नरहून भीमाशंकरला निघालेल्या जीपमध्ये बसलो. वाटेत डिंभ्याला उतरायचं होतं. जॅकेट पिशवीत चुरगळेल म्हणून अंगात घातलं आणि वरून रेनकोट, गळ्यापर्यंत बटणं लावून. जीपमध्ये आम्ही चौदा जण, बारा छत्र्या आणि एक घोंगडी. मागच्या आजींची छत्री माझ्या मानेवर निथळत होती. घोडेगाव जवळ आलं आणि माझ्या छातीत "फट्ट!" झालं. पाठोपाठ "फुस्स!"

ड्रायव्हरनं जीप बाजूला घेतली आणि उतरून चारही टायर पाहिले. तोवर मी फुगत होतो. रेनकोटची बटणं एकेक करून उडाली. हनुवटी आभाळाकडे गेली, श्वास घेता येईना. हे जॅकेट कपड्यांच्या वर घालायचं असतं, आत नव्हे, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं म्हणे.

"अगं बया, पाव्हणं फुगलं!" आजी ओरडल्या. "हर हर महादेव!" बाकीच्यांनी साथ दिली.

एकानं शांतपणे खुलासा केला. डिंभ्याच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गडी 1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीला आडवा गेला. "आन तुम्ही त्याच्या दारात परदेशी जाकीट घालून निघालाय. मंग?"

घोडेगावात मला पंक्चरच्या दुकानासमोर उतरवलं. दुकानदारानं जॅकेट उलटंपालटं केलं. "ट्यूबच की ही!" तोंडानं फुंकायची नळी त्यानं लगेच शोधून काढली. मी म्हटलं, कंप्रेसरनं भरा. तो माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाला, "शिवण उसवंल, काका. तुमच्या फुफ्फुसाचा जोर बास हाय." मी फुंकलं. त्यानं नळीच्या तोंडाला बोटानं थुंकी लावली आणि बुडबुडा येतो का पाहिलं. मग पाण्याच्या टाकीत बुडवून शिवणी तपासल्या. "ट्यूब ठणठणीत. पर बाटली रिकामी, गोळी गेली. शेवटचं कवा बघितलं व्हतं?"

"ते... सीलबंद होतं."

मग डिंभ्याला पोहोचलो, तर तिथंही तोच विषय निघाला. इथल्या विस्थापित आदिवासींनी जलाशयावर मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला 2012 साली इक्वेटर पुरस्कारही मिळाला. काठावरचा एक मच्छीमार ट्रकच्या ट्यूबला अंगठ्यानं दाबत होता, मग कान लावून ऐकत होता. रोज उतरण्याआधी हे करतोच, म्हणाला. माझं जॅकेट पाहून हसला नाही. इतिहास ऐकल्यावर मात्र हसला. "तीन वरसं इचारलं नाही, मंग ते रुसनारच!"

आमचे आजोबा विहिरीत पोरांच्या पाठीला सुका भोपळा बांधायचे. बांधण्याआधी तो टिचकी मारून वाजवून घ्यायचे, चीर गेली असेल तर आवाज बद्द येतो. आम्हाला तेव्हा वाटे, म्हातारा वेळ काढतोय. भोपळ्याला टिचकी, ट्यूबला कान, आणि 33 ग्रॅमच्या बाटलीला? कपाट आणि डांबराच्या गोळ्या!

नावेत बसलो नाही. दुसऱ्या दिवशी जादा बाटली घेऊन जुन्नरच्या सराफाकडे गेलो. भरलेल्या बाटलीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं. काट्यावर कमी भरली तर गॅस गळाला समजायचं. सराफानं चष्मा सावरत विचारलं, "मोडायची आहे का?" वजन बरोबर भरलं. मग गोळीवरची तारीख वाचली, बाटली हातानं घट्ट पिळून बसवली. त्याआधी जॅकेट फुंकून रात्रभर खुर्चीवर ठेवलं होतं. सकाळी ते होतं तसंच टणक होतं. सासूबाई मात्र रात्री पाणी प्यायला उठल्या, तेव्हा त्याला "बसा हं" म्हणून गेल्या होत्या.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला.

"मामा, जॅकेटची सर्व्हिसिंग करून घेतलीत का?"

"घेतली. घोडेगावात."

"तिथे सर्व्हिस सेंटर आहे? लीक टेस्ट कशानं केली त्यांनी?"

"थुंकीनं," मी म्हणालो. "मोठ्या टाकीतली पण झाली, पण ती नंतर."