हळदीच्या गोळीची एकादशी

सांगलीत हळद चालत नाही असं कुणी म्हटलं, तर मार्केट यार्डातले अडते त्याला वेड्यात काढतील. पण एकादशीला ती खरोखरच चालत नाही. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली वर्षानुवर्षं जपलेली, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळवलेली हळद उपासाच्या बटाट्याच्या भाजीपर्यंत पोचत नाही. बटाटा चालतो, शेंगदाणा चालतो, हिरवी मिरची चालते. ही सगळी मंडळी पोर्तुगिजांच्या मागोमाग अमेरिकेहून आलेली. साबुदाण्याचा कंदही तिकडचाच. परक्यांना पाट आणि घरच्या हळदीला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, हे कुणी ठरवलं देव जाणे. पंढरीच्या विठोबानं नसावं.

आमच्या शेजारच्या काकूंना गुडघ्यांसाठी कुणीतरी हळदीच्या कॅप्सूल सुचवल्या, आणि नेमकी आषाढी आली. काकूंनी भिंग घेऊन डबी वाचायला घेतली. आत हळदीचा अर्क, सोबत काळी मिरी, वरचं टोपण जिलेटीनचं. मिरी चालते. हळद चालत नाही. जिलेटीन जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, म्हणजे ते एरवीही चालत नाही.

"अगं, औषधाला उपास नसतो," काका म्हणाले.

"ते मलाही माहीत आहे हो. पण हे औषध आहे का हळद आहे, ते सांगा की!"

काका पेपरात शिरले. काकूंचा प्रश्न मात्र बिनतोड होता. ज्यू धर्मशास्त्री वल्हांडणाच्या सणाला याच प्रश्नाचा कीस पाडतात. त्या आठवड्यात गहू, जव, ओट यांचं आंबलेलं काहीही घरात ठेवायचं नाही. मग गोळीतल्या स्टार्चचं काय? आजाऱ्यानं गिळायची बेचव गोळी हे अन्नच नव्हे, असं बहुतेक जण मानतात. चघळायची गोड व्हिटॅमिनची गोळी किंवा चवदार सिरप आलं की मात्र भिंगं बाहेर निघतात. जिवावर बेतत असेल, तर सगळे नियम बाजूला. योम किप्पुरच्या कडकडीत उपासातही आजाऱ्याला थांबून थांबून घोट-घोट पाणी देण्याची सोय शास्त्रानं करून ठेवली आहे. आणि घराघरांत फरक आहेच. युरोपातले पुष्कळ ज्यू त्या आठवड्यात तांदूळ आणि कडधान्यं वर्ज्य मानतात. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक शनवार तेली म्हणत, ते मात्र भात खुशाल खातात. आपल्याकडे तरी काय, एका घरात कोथिंबीर चालते आणि जिना चढून वर गेलं की चालत नाही.

माळकऱ्यांचा प्रश्न एकादशीपुरता नसतो. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेवरच्या मेडिकलमध्ये एखादा म्हातारा कॅप्सूल उजेडात धरून हमखास विचारतो, "ह्यात वशाट न्हाई न्हवं?" काही जण टोपण सोडवून पूड मधात कालवून चाटतात. मेडिकलवाला कळवळून सांगतो, "आज्जा, असं करू नगा. काही औषधं पोटात उशिरा सुटावीत म्हणून टोपणात घालत्यात." झाडापाल्याच्या सेल्युलोजची टोपणंही निघाली आहेत, पण ती महाग पडतात. शिवाय टोपण बघून त्यातला फरक म्हाताऱ्याला कळायचा कसा? श्रावणात माशाच्या तेलाच्या आणि चातुर्मासात लसणाच्या गोळ्या गिळणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यात आमचे नातेवाईक आहेत.

खरी पंचाईत काकांची. त्यांना मधुमेह. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलंय, गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर खाली जाईल, आणि साबुदाणा हाणलात तर वर. काकांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ध्यानात ठेवलं. त्या दिवशी आधी गोळी, मग खिचडी, मग वरीचे तांदूळ आणि आमटी, मग डॉक्टरांच्या सांगण्याचा मान राखायचा म्हणून पुन्हा थोडी खिचडी.

काकूंनी आपली कॅप्सूल बारस सुटेपर्यंत फडताळात ठेवून दिली. संध्याकाळी काका पोट धरून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हळूच म्हणाले, "जरा हिंगाष्टक दे गं."

"त्यात हिंग आहे," काकू म्हणाल्या. "चालत नाही."